नावाआधीची जागा

मेथीची जुडी निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात ऋषीने फोन पुढे धरला. "आजी, कार्ड आलं बघ," म्हणाला, आणि दोन बोटांनी अक्षरं ताणून मोठी केली. जयमालाबाईंनी हातातली काडी तशीच धरून चष्मा वर सरकवला. वर दोन झेंडे शेजारी शेजारी होते, मध्ये कसलंसं गुलाबी फूल. ब्रह्मदेशाच्या लढाईला ऐंशी वर्षं झाली, त्यानिमित्त स्मरण आणि मैत्री, असं काहीतरी. खाली नावांची यादी. ऋषीने ती बोटाने वर ढकलली, नावं भराभर सरकली आणि एका ओळीवर येऊन थांबली. कै. शिपाई शहाजी बाबाजी निकम, मराठा पलटण. त्यांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. वडिलांचं नाव छापलेलं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत. 'श्री. शहाजी बाबाजी निकम यांची कन्या'. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, रेशनकार्डासाठी करून दिलेल्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी ते नाव स्वतःच्या हाताने पन्नासदा लिहिलं असेल. पण त्याच्या आधी हे अक्षर कधीच नव्हतं. काना नाही, वेलांटी नाही, साधा क आणि डोक्यावर दोन मात्रा, पुढे एक टिंब. मेथीच्या काडीचं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं, तेव्हा काडी आपण फार घट्ट धरली आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

ऋषी त्यांचा नातू, ऐरोलीतच खाडीच्या बाजूला ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत त्यांतल्या एकीत एका जपानी कंपनीत कामाला. कंपनीने महिन्यापूर्वी सगळ्यांना विचारलं होतं, तुमच्या घरातलं कुणी त्या लढाईत होतं का. तेव्हा त्याने जेवताना सहज विषय काढला आणि जयमालाबाईंनीच हौसेने सांगितलं, पूर्ण नाव, गाव, तालुका, पलटण. इतक्या वर्षांनी त्या नावाबद्दल कुणी काही विचारत होतं, याचाच त्यांना आनंद झाला होता. नाव कुठे चाललंय आणि पुढे त्याचं काय होणार, हे मनातसुद्धा आलं नाही. आता त्या म्हणाल्या, हे पुढचं अक्षर कुणी लावलं. तो म्हणाला, मी नाही लावलं, डिझाइनवाल्याने लावलं असणार, गेलेल्या माणसाला लावतातच ना.

"कुणी सांगितलं गेले म्हणून?"

ऋषी आधी हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला. "आजी, ते असते तर आज एकशे आठ वर्षांचे असते."

पोरगा चुकीचं काही बोलत नव्हता. त्याने मग समजूत घालावी तशी सगळी माहिती काढून दाखवली. ब्रह्मदेशात रंगूनच्या बाहेर एक मोठं स्मारक आहे, ज्यांचं प्रेत मिळालं नाही अशा हजारो शिपायांची नावं तिथे दगडात कोरली आहेत, त्यात हे नाव आहे, इंग्रजीत, स्पेलिंग थोडं वेगळं आहे पण बापाचं नाव जुळतं, पलटण जुळते, नंबर आहे, मे चव्वेचाळीस. "दगडावर आहे, आजी." म्हणजे आपल्या पत्रिकेवर 'श्री.' छापलं जात होतं तेव्हा तिकडे दगडात नाव कोरून झालं असेल, त्यावर पावसाळे पडून गेले असतील, शेवाळ धरलं असेल, कुणी ते खरवडून पुन्हा स्वच्छ केलं असेल. सगळ्या जगाला वाचता यावं असं ते तिथे होतं. नुसतं आपल्या घरात आलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून नमिताने विचारलं, म्हणजे सूनबाईने, आणि तिच्या बोलण्यात खरंच काही वाकडं नव्हतं, तिला सणवार चुकलेले चालत नाहीत एवढंच. "म्हणजे मग आई, यशोदाआजींची अविधवा नवमी आपण घालतो ती…" तिने वाक्य अर्धंच सोडलं आणि मिक्सर सुरू केला. मिक्सरचा आवाज बराच वेळ चालला. भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. जयमालाबाई मुलगी, त्यांना श्राद्धाचा अधिकार नाही, पण सवाष्ण जेवू घालायला कोण अडवतं. आई, यशोदा, एकोणनव्वद साली त्यांच्याच घरी, याच ऐरोलीच्या जुन्या बैठ्या घरात गेली, तेव्हापासून एकही नवमी चुकलेली नाही. आणि वडिलांचं पान मात्र कधीच वाढलं गेलं नाही. मेलेल्यांच्या पंधरवड्यात जिवंत माणसाचं पान कसं वाढायचं? काकांनी नाही वाढलं, चुलतभावांनी नाही. माणूस केव्हातरी गेला असणारच, हे जयमालाबाईंना काय कळत नव्हतं? पण प्रश्न केव्हा गेला एवढाच होता. गावात बायका सांगायच्या, अमक्याचा थोरला तिकडेच राहिला, तिकडची बाई केली, तांदळाची शेती आहे, चार पोरं आहेत. तसे ते कुठेतरी असतील, सत्तरी उलटलेले, लुंगी लावून पायरीवर बसलेले, मराठी विसरलेले. आईला विसरलेले असले तरी चाललं असतं. त्यांनी फक्त एकोणनव्वद सालच्या माघापर्यंत जगायला हवं होतं. आईच्या कपाळाला त्यांच्याकडून आणखी काही नको होतं. आता मे चव्वेचाळीस. म्हणजे तिकडे ऐंशी वर्षं एक माणूस पानाची वाट बघत बसला, आणि इकडे एक बाई पंचेचाळीस वर्षं दुसऱ्याच कुणाचं कुंकू लावून हिंडली, नवरा नसलेल्या जागेचं.

तार आली तेव्हा जयी, म्हणजे जयमालाबाईच, चार वर्षांची होती. पाटण तालुक्यातलं डोंगराच्या पोटातलं गाव, तार वाचू शकेल असा एकच माणूस, दिनानाथ मास्तर. त्या दिवसातलं तिला स्वतःचं काय आठवतं आणि पुढे ऐकून ऐकून काय आठवायला लागलं, हे आता वेगळं करता येत नाही. मास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. अंगणात माणसं उभी. आजी, वडिलांची आई, जात्यापाशी बसलेली, तिचा हात खुंट्यावर. मास्तर म्हणाले, बेपत्ता आहे. आणि कागद घडी करून आईच्या हातात न देता स्वतःच्या खिशात घातला. पुढे शिक्षिका झाल्यावर, मुंबईच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवताना, जयमालाबाईंना कधीतरी वाटून गेलं होतं की तारेत एवढा एकच शब्द असेल का? एका शब्दासाठी मास्तरांना कागद दोनदा मागेपुढे का करावा लागला? पण अशा विचारांना घरात बसायला पाट द्यायचा नसतो. ते आले तसे गेले. आणि पुढे पगार सुरू झाला. गावाच्या तोंडी तो पगारच. आजी अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "पगार येतुया न्हवं? मेल्या माणसाला सरकार पगार देतं व्हय?" पगार येतोय म्हणजे माणूस आहे. कुठेतरी आहे, येईल. दिवाळीला आजी त्याच्या वाटणीची करंजी डब्यात ठेवायची, ती होळीपर्यंत राहायची आणि मग जयीला मिळायची, खवट झालेली. त्या खवट खोबऱ्याची चव म्हणजे वडील. दुसरं म्हणजे गालाला टोचणारी लोकर. कुणीतरी उचलून घेतलं होतं आणि खाकी लोकरीवर गाल घासला होता, एवढंच. अजूनही थंडीत नमिताने स्वेटर पुढे केला की जयमालाबाईंचा उजवा गाल चरचरतो.

दुपारी ऋषी जेवायला बसला तेव्हा त्यांनी पुन्हा विषय काढला. एवढं अक्षर काढून टाक म्हणाल्या, बाकी काय पाहिजे ते ठेवा. तो म्हणाला, आजी, टेन्शन नको घेऊस, पण कार्ड सगळ्यांना गेलंय, फलक छापून झालाय, टोकियोहून मंजुरी घेतलीय, मी नऊ महिने झाले लागून, मी कुठे जाऊन सांगू एक अक्षर काढा म्हणून, कारण काय सांगू? कारण काय, हे त्यांनाही सांगता येईना. त्याला नवमी माहीत होती ती पुरणपोळीची म्हणून. आईचं कपाळ या पोराला कुठल्या शब्दांत सांगायचं? तो आपला प्रेमाने सांगत राहिला, ते लोक आता आपले दोस्त आहेत, न्हावा शेव्याकडे जातो तो समुद्रावरचा पूल त्यांच्या मदतीने झाला, एक म्हातारे साहेब मुद्दाम तिकडून येतायत, त्यांचे वडील पण तिथेच गेले, दोन्हीकडच्यांची नावं एकाच फलकावर, किती छान ना. छान होतं. जयमालाबाईंना जपान्यांचा राग कधीच नव्हता. राग यायला आधी मरण मान्य करावं लागतं. दोन देशांनी भांडण मिटवलं, मेलेले मोजले, त्यांना एका ओळीत उभं केलं. आणि या जुळवाजुळवीत एका बाईचं कुंकू मधल्यामध्ये पुसलं जात होतं, हे कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतंच. शेवटी ऋषी हात धुता धुता म्हणाला, बरं, पांढरी टेप लावतो त्याच्यावर, चालेल? त्या म्हणाल्या, चालेल.

नवमीला नेहमीप्रमाणे काशी जेवायला आली. काशी इथल्याच दिवे गावची आगरी, तिच्या सासऱ्याची शेतं होती तिथे आता तुमच्या सोसायट्या आहेत असं ती हसत हसत सांगते. आई गेली तेव्हा हीच धावत आली होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, कडेवर पोर. हिनेच आईला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, कोपरापर्यंत बांगड्या चढवल्या. आईच्या हाताला त्या सैल होत होत्या. तरी काशी चढवत राहिली आणि जयमालाबाईंना म्हणाली होती, "रडू नको बाय. तुजी आय नशीबवान हाय, सवाशीन गेली." आता काशीचे केस पांढरे, गुडघे गेलेले, तिचा नवरा कान गेला तरी धडधाकट. ती पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून जेवली, पुरण थोडं घट्ट झालं म्हणाली, नमिताला टोमणा मारला, आणि ओटी घेताना कपाळ पुढे केलं. जयमालाबाईंनी कोयरीत बोट बुडवलं. सांगून टाकावं असं फार वाटलं. काशी, आपण तेव्हा काय केलं गं? पण काशीच्या कपाळाची कातडी बोटाखाली मऊ, सुरकुतलेली, उबदार होती, आणि तिने डोळे मिटले होते. सांगितलं नाही. त्यांचं स्वतःचं कपाळ बारा वर्षं मोकळं आहे. नवरा गेल्यावर आठवड्याच्या आत दारावरच्या पाटीत नावाआधी 'कै.' आलं, बँकेत आलं, सोसायटीच्या वहीत आलं, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. अक्षर खरं होतं. खरं अक्षर टोचत नाही, जड होतं फक्त.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत वाळलेले कपडे काढताना, खाडीकडून तो चिखलाचा खारट वास आला आणि का कुणास ठाऊक त्यांना ओढा आठवला. वर्षातून एकदा आई जयीला घेऊन तालुक्याला जायची, पगाराच्या कागदावर अंगठा करायला. आजीला न्यायची नाही, काकांना न्यायची नाही, फक्त जयी. पहाटे निघायचं, चालत. जयीला तो दिवस सणासारखा, कारण परतताना शेव-चुरमुरे मिळायचे. तालुक्याचं गाव जवळ आलं की रस्त्याला लागून एक ओढा होता, करंजाची झाडं होती. तिथे आई म्हणायची, गरम झालंय, तोंड धुते. हात ओले करून एकेक बांगडी काढायची. आईच्या बांगड्या नेहमी सैल असायच्या. कासार चिडवायचा, यशोदे, मापाच्या भर की, काय पोरीच्या हातात घालणार हायस व्हय? आई म्हणायची, हाताला उकाडा सोसत नाही. काढलेल्या बांगड्या जयीच्या परकराच्या ओच्यात. मग गळ्यातली काळी पोत काढून जयीच्या गळ्यात घालायची, झंपरच्या आत दडवायची, आणि म्हणायची सांभाळ, वाजवू नको. मग पदराचा शेव भिजवून कपाळ घासायची. मेणावर बसवलेलं कुंकू, लवकर निघायचं नाही. घासून घासून कपाळ लाल व्हायचं, आणि लाली उतरली की मधोमध एक गोल पांढुरकी जागा राहायची, चवलीच्या नाण्याएवढी, ऊन न लागलेली. कचेरीत बाकावर बसायचं. पट्टेवाला दारात येऊन ओरडायचा, यशोदा बेवा शहाजी निकम. आई उठायची. जयी ओच्यातल्या बांगड्या दोन्ही हातांनी दाबून बसायची. कामाला आईला फार वेळ लागत नसे. परतताना पुन्हा ओढा, बांगड्या, पोत, कमरेच्या पिशवीतली मेणाची डबी, करंगळीशेजारच्या बोटाने पुन्हा कुंकू. मग घरापर्यंत चालायचं. जयी तिच्याबरोबर चालताना खालून बघायची. आईचा अंगठा निळा, कपाळ लाल.

बेवा हा शब्द जयीला फार आवडला होता. सरकारने आईला दिलेली ती काहीतरी पदवी आहे असं तिला वाटायचं, पाटील, मास्तर, तसं बेवा. शाळेत नवीन बाईंनी प्रत्येकाच्या आईचं नाव विचारलं तेव्हा तिने ताठ उभं राहून सांगितलं, यशोदा बेवा शहाजी निकम. बाईंनी ते संध्याकाळी घरी येऊन चौकशीच्या सुरात सांगितलं, सुदैवाने आजी तेव्हा शेतावर होती. बाई गेल्यावर आईने जयीला मारलं. उभ्या आयुष्यात एकदाच. मारून झाल्यावर तिला पोटाशी धरलं आणि कानात म्हणाली, "त्यो शबूद वड्याच्या अलीकडं आणायचा न्हाई." बेवा म्हणजे विधवा, हा अर्थ जयमालाबाईंना पुढे अर्थातच कळला, विशी-बाविशीत, कुठल्याशा सरकारी कागदावर. कळला आणि तसाच बाजूला राहिला, घरातल्या एखाद्या बंद ट्रंकेसारखा, जिच्यावर आपण वर्षानुवर्षं गाद्या रचत जातो. ओढा एकीकडे होता, शब्द दुसरीकडे, आणि त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांची गाठ पडू दिली नव्हती. आता हातात वाळलेली चादर घेऊन त्या गॅलरीच्या कठड्याला टेकल्या. आईला माहीत होतं. वर्षातला एक दिवस तिला माहीत होतं. उरलेले दिवस ती आपल्या हाताने परत सवाष्ण होत होती, सासूसाठी असेल, जयीच्या लग्नासाठी असेल, माघारी माहेरी जावं लागू नये म्हणून असेल, किंवा यातलं काहीच नसेल, नुसतं वाटत असेल म्हणून. कधी विचारलं नाही. विचारायची वर्षं होती तेव्हा आई कोथिंबीर निवडत समोर बसलेली असायची आणि आपण शाळेच्या वह्या तपासत असायचो. चादरीची घडी त्यांनी तीनदा घातली, तीनदा वाकडी झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी ऋषीने गाडी बोलावली. पंधरवडा अजून चालू होता. अशा दिवसांत कुणी समारंभ धरत नाही, पण कंपनीला ते कोण सांगणार. हॉल थंडगार होता. लिफ्टमधून वर आलं तर काचेपलीकडे खाडी, मुलुंडकडे जाणारा पूल, चिखलात उभे पक्षी, सगळं आवाज नसलेलं. फलक भिंतीपाशी इझलवर ठेवला होता. त्यावर अकरा नावं, सहा आपली, पाच त्यांची, देवनागरीतच लिहिलेली, आणि प्रत्येकाआधी 'कै.'. त्या एका अक्षरात दोन्ही देश सारखे झाले होते. ऋषीने शब्द पाळला होता. चौथ्या ओळीत त्याने पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला होता, कातरीने नीट गोल कापून, कडा दिसू नयेत म्हणून. फलक पिवळसर, टेप पांढरी. तो त्यांच्या कानाशी म्हणाला, बघ, केलं की नाही. जयमालाबाईंनी पाहिलं. शहाजी बाबाजी निकम, आणि त्याच्याआधी एक गोल पांढुरकी जागा. चवलीएवढी. ऊन न लागलेली. त्यांनी हट्टाने मागून घेतलं ते हे होतं. त्यांना आईचं कपाळ भरलेलं राहायला हवं होतं आणि पोराने जीव लावून, कातरी फिरवून, ते ओढ्यावर घासून काढल्यासारखं करून ठेवलं होतं. त्या त्याला म्हणाल्या, छान केलंस.

त्यांच्या शेजारी ते म्हातारे साहेब बसले, हिराता त्यांचं नाव, बुटके, स्वच्छ, गुडघ्यांवर हात ठेवून. ईश्वरी नावाची मुलगी मध्ये वाकून दोघांचं बोलणं दोघांना सांगत होती. सूत्रसंचालनही तिच्याचकडे होतं, त्यामुळे तिची धावपळ चालली होती. हिराता तीन वर्षांचे असताना वडील गेले. सरकारकडून घरी पांढऱ्या कापडात बांधलेली लाकडी पेटी आली, अस्थी म्हणून. आईने ती रात्रभर मांडीवर घेतली, मग उघडली. आत नदीतला एक गोटा होता. आईने पेटी पुन्हा बांधली, त्याचीच पूजा केली, आणि मुलाला हे फार उशिरा सांगितलं. मग ते हळू काहीतरी म्हणाले. ईश्वरी म्हणाली, "आजी, ते विचारतायत, तुमच्या आईला काय मिळालं होतं?"

जयमालाबाईंनी तोंड उघडलं. या माणसाला सांगितलं असतं तर कळलं असतं. जगात एवढ्या एकाच माणसाला कळलं असतं. पण ओढा या मुलीच्या तोंडातून जपानीत कसा जाणार, आणि बेवा हा शब्द तिला आधी मराठीत समजवायला हवा. तेवढ्यात कुणीतरी ईश्वरीला हाक मारली, पाहुणे आले, दिवा लावायचा होता. त्या म्हणाल्या, "पगार." ईश्वरीने ते सांगितलं. हिरातांनी आदराने मान लववली. आणि जयमालाबाईंना वाटलं, आपण आजीचंच वाक्य बोललो.

दिवा लागला. मग नावं वाचली गेली, सगळे उभे राहिले, एक मिनिट शांतता. मग ईश्वरीने माइकवरून सांगितलं, आता कुटुंबीयांनी एकेक करून पुढे यावं आणि फूल अर्पण करावं, सर्वांत ज्येष्ठ म्हणून आजींपासून सुरुवात करू. ऋषीने हाताला धरून त्यांना नेलं. एका हातात झेंडूचं फूल. इझलशेजारी छोट्या टेबलावर दिवा लावतानाचं तबक होतं, हळद, कुंकू, अक्षता. समोर चौथी ओळ. पांढरी जागा इतक्या जवळून आणखी पांढरी दिसत होती. जयमालाबाईंनी असं काही ठरवलं नव्हतं. फूल डाव्या हातात गेलं, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तबकात बुडलं, आणि त्यांनी त्या टेपवर, मधोमध, कुंकू लावलं. थोडं दाबून, मेण असल्यासारखं. हात वर जाताना सोन्याच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या. बोट उचललं तेव्हा जागा भरली होती. एवढंच हवं होतं. आई, आता घरी चल. त्या वळल्या तोच मागे टाळी वाजली, एक, मग पुष्कळ. कॅमेऱ्याचा उजेड पडला.

मागे हिराता उभे होते. त्यांनी सगळं नीट पाहिलं होतं. पाहुण्यांनी यजमानांची रीत पाळायची असते, म्हणून त्यांनीही फूल डाव्या हातात घेतलं, तेच बोट शोधून काढलं, कुंकवात बुडवलं, आणि आपल्या वडिलांच्या नावाआधी, 'कै.'च्या शेजारी, फार काळजीपूर्वक ठिपका लावला. मग त्यांनी जयमालाबाईंकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला. ईश्वरीचा आवाज भरून आला होता. आपल्या संस्कृतीत हुतात्म्यांना कुंकुमतिलक लावतात, आजींनी आज दोन्ही देशांना ही परंपरा शिकवली, असं काहीसं ती म्हणाली, मराठीत, मग इंग्रजीत, मग जपानीत. रांग पुढे सरकली. एक तरुण अधिकारी, एक बाई, साताऱ्याकडचे कुणी गृहस्थ, पुन्हा एक जपानी मुलगा. प्रत्येकजण तबकात बोट बुडवत होता. जयमालाबाईंनी ऋषीची बाही ओढली. हे असं नाही, म्हणाल्या, हे फक्त तिचं आहे रे. त्याने कान खाली आणला. काय म्हणतेस आजी? टाळ्यांत त्याला ऐकू आलं नाही. त्यांनी बाही सोडली. तो खूश होता, त्याचे साहेब त्याचा हात हातात घेऊन हलवत होते.

त्यांना परत खुर्चीवर आणून बसवलं. चष्मा पाणी येऊन धुरकटला होता, तो काढून त्यांनी पदराने पुसायला घेतला. समोर, हॉलच्या त्या टोकाला, पिवळसर फलकावर एकाखाली एक लाल ठिपके होते, अकरा. कपाळं सगळी भरलेली. त्यांतलं आईचं कुठलं, ते त्यांना एवढ्या लांबून ओळखता येईना.